बर्फाच्या रस्त्यावर थांबू नये

क्वेबेक, नदीचा उत्तर काठ
१९ फेब्रुवारी

प्रिय कोलोंब,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि ओव्हिलाभावोजींना नमस्कार. त्यांचा गुडघा फ्लोरिडाच्या उन्हात बरा झाला असेल. इथे तो फक्त फावडं दिसलं की दुखायचा. तू उन्हात टोपी घालतेस ना? आमच्याकडे उणे सव्वीस आहे. माझी तब्येत उत्तम. गाडीची नाही.

तुला ठाऊक आहे, एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली आणि एकाही पोराच्या नाकाला ओरखडा येऊ दिला नाही. म्हणूनच दर डिसेंबरात चर्चच्या सभागृहात मी हिवाळ्यात गाडी कशी चालवावी हे सांगायला उभी राहते. (यंदा नऊ जण आले. त्यांतले दोघं वाटाण्याच्या सूपसाठी.) अकरा नियमांचा कागद मी स्वतः टाइप करून वाटते. काचेवरचा बर्फ सगळा खरवडा, टपालपेटीच्या फटीएवढी जागा करून निघू नका. डिकीत फावडं, वाळूची पिशवी आणि घोंगडी ठेवा. गाडी घसरली तर ब्रेक दाबू नका, पाय उचला आणि जिकडे जायचंय तिकडे बघा. गोठलेल्या नदीवरून जाताना सीटचा पट्टा सोडा आणि काच अर्धी खाली ठेवा, म्हणजे बर्फ फुटला तर बाहेर पडता येईल, आणि पुढच्या गाडीपासून दहा झाडांचं अंतर ठेवा. सातवा नियम तेवढा ठळक अक्षरांत आहे: नदीवर कशासाठीही थांबू नका. (उन्हात राहून हे सगळं विसरली असशील म्हणून पुन्हा लिहिलं.)

आता झाडांबद्दल. जानेवारीत नाताळ आवरला की गावातली सगळी नाताळची झाडं आपला शेजारी रोझेर गोळा करतो आणि बर्फात भोकं पाडून नदीवरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवतो, म्हणजे वादळातही वाट दिसते. माझं झाड यंदा चर्चमधल्या झाडापेक्षा सरळ होतं. हे मी नाही, पाद्रीबाबा म्हणाले. ओळखू यावं म्हणून मी त्याला लाल फीत बांधून दिली, आणि त्या माणसानं ते असं तिरकं रोवलं की लग्नाच्या जेवणावरून परतणारा पाहुणा वाटावा. मी तीनदा फोन केला.

तिसऱ्यांदा म्हणाला, "सोलांजबाई, वारा आहे. झाड झुकणारच. ब्याऐंशीव्या वर्षी मीसुद्धा झुकलोय."

"तुम्हाला कुणी फीत बांधलेली नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

हे मी का बोलले, देव जाणे. त्याची बायको ल्युसियेन पलीकडच्या काठावरच्या वृद्धाश्रमात आहे. स्वतःच्या मुलांची नावं तिला आठवत नाहीत, पण अडीच वाजता ती कोट घालून खिडकीशी बसते, कारण अडीचला रोझेर येतो. चार वर्षांत त्याचा एक दिवस चुकलेला नाही. हिवाळ्यात होडी बंद, पुलावरून जायचं तर नव्वद किलोमीटर, नदीवरून दोन.

दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाच्या घावनांसाठी लोणी आणायला मी नदीवरून निघाले. पट्टा सोडलेला, काच अर्धी खाली. मध्यावर माझं झाड दिसलं. आता ते जवळजवळ आडवं झालं होतं, आणि फीत बर्फात लोळत होती. कोलोंब, मी थांबले. नुसती थांबले नाही, खाली उतरून झाडाच्या बुंध्याशी कुस्ती करायला लागले. मागून रोझेर आला. रस्त्यात माझी गाडी आणि गाडीपुढे मी, हे बघून त्यानं ब्रेक दाबला. (मी त्याच्या जागी असते तर मीही दाबला असता. हे सभागृहात कुणाला सांगू नकोस.) त्याची गाडी भोवऱ्यासारखी फिरत आली आणि माझ्या डिकीवर आदळली. कुणाला लागलं नाही. झाड मात्र सरळ झालं.

ट्रॅक्टरनं दोन्ही गाड्या काठावर ओढून आणल्या. पोलीसबाईनं विचारलं, चूक कुणाची? मी तोंड उघडणार तोच रोझेरनं खिशातून माझाच कागद काढला, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, "दहा झाडांचं अंतर. मी सहाच ठेवली होती. चूक माझी." पोलीसबाईनं माझ्याकडे पाहिलं. ज्या तोंडानं एकतीस वर्षं चाळीस पोरांना जागेवर बसवलं, ते तोंड बंद राहिलं.

दुसऱ्या दिवशी नदीवर चालत जाऊन मी त्याच्या ब्रेकच्या खुणा सुरू होतात तिथून माझ्या झाडापर्यंत झाडं मोजली. चौदा होती.

त्याला वाटलं होतं, थोडा दंड होईल. पण वय बघून त्याचं लायसन्स परीक्षेपर्यंत थांबवलं, आणि परीक्षेचा नंबर एप्रिलअखेर आहे. आता तो रोज दीड वाजता काठी घेऊन नदीवरून चालत जातो. कुणी गाडीत बोलावलं तर म्हणतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्याच्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी असं काहीही सांगितलेलं नाही. काल वाऱ्यात तो दोनदा पडला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजते: पहिलं झाड, विसावं झाड, मग दिसेनासा होतो. मठाच्या शाळेत सिस्टर साँ-बार्नाबे सांगायच्या की गप्प राहून केलेलं खोटं दुप्पट असतं, कारण त्याला मेहनतही लागत नाही. तेव्हा मला वाटायचं, बाई उगाच कडक आहेत.

भावोजींना सांग, इथली काळजी करू नका. तुमच्या छपरावरचा बर्फ मी काढून घेतला आहे.

तुझी,
सोलांज

ता.क. तुमची गाडी शेडमध्ये नुसती उभी आहे. चावी कुठे ठेवली आहेस ते उलट टपाली कळव, किंवा फोनच कर. माझी गाडी अजून गॅरेजातून आली नाही, आणि मला रोज दीड वाजता एका हट्टी माणसाला पलीकडे सोडायचं आहे.

ता.ता.क. लायसन्सच्या कचेरीला मी सगळं खरं लिहिलं आहे, सोबत नियमांचा कागद, सातव्याखाली रेघ मारून. ते पाकीट आज सकाळीच पेटीत टाकलं, म्हणजे आता मागे घेता येणार नाही. त्याचं लायसन्स परत मिळेल, माझं बहुधा जाईल. तसं झालं तर तुमची गाडी रोझेर चालवेल आणि मी शेजारी बसेन. एक शब्द बोलणार नाही, अशी मी शपथ घेतली आहे. निदान नदीच्या मध्यापर्यंत.