बाबांच्या नाकातली नळी

ह्वे, ९ नोव्हेंबर २००९

ती. खोआदादास,
न्हानचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, फक्त बाबा ठीक नाहीत. पोटात आग, शौचाला काळी होते, तरी तिखटजाळ नूडल्स सुटत नाहीत. डॉक्टर त्रिन्हबाई म्हणतात, पोटात दुर्बीण घालून बघायलाच हवं. बाबा गुंगीच्या इंजेक्शनला तयार, घशात नळा घालायलाही तयार, पण नाकात ऑक्सिजनची नळी म्हटली की उठून चालायला लागतात. आशा सुटलेल्या माणसाला इस्पितळवाले ऑक्सिजन लावून घरी धाडतात आणि ती नळी मग पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढेच निघते, हे तुला ठाऊक आहे. बाबा म्हणतात, आपल्या गल्लीत नाकात नळी घालून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी फोटोत असतो.

बाईंनी निक्षून सांगितलंय की गुंगीत श्वास मंदावतो, त्यात ह्यांची मान जाड आणि घोरणं गल्लीभर. नळीशिवाय त्या इंजेक्शनला हात लावणार नाहीत. तू ये. चार तेत झाले, नव्या वर्षाच्या सणालाही तोंड दाखवलं नाहीस.

तुझी माया आहेच, तिला जरा प्रवास घडू दे.
न्हान


दालात, १४ नोव्हेंबर

चि. न्हान हिस अ. आ.

पत्र पोचलं, काळजी वाटली. पण येणं अवघड. तेतची शेवंती कळीवर यायची आहे आणि मी हललो की मजूर आडवे होतात. बाबांना समजावणं काही कठीण नाही. ठामपणे पण प्रेमाने बोलायचं. मला ते कधी जमलं नाही, म्हणून तुला सांगतो. सोबत आटिचोकच्या फुलांचा चहा पाठवतोय, पोटाला उत्तम. बाईंना विचारू नकोस, त्या नको म्हणतील.

काही विशेष झालं तर फोन करा, त्याच पावली निघेन. विशेष म्हणजे खरोखर विशेष.

जीव तुमच्यापाशीच आहे, सांभाळावा.
खोआ


ह्वे, २६ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

नीट पोचलास ना? दारात एवढा तापलास की काही ऐकून न घेता पुढच्या बसने चालता झालास, म्हणून लिहिते.

बाबा शेवटी एका अटीवर तयार झाले: नळी लावलेली गल्लीतल्या कुणाला दिसता कामा नये. आणि दुर्बीण घालताना साम आत्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी. मध्येच ऑक्सिजनचा आकडा घसरला, यंत्र कोकलायला लागलं. नर्सने बाबांची हनुवटी वर उचलली, ऑक्सिजन वाढवला, तेव्हा कुठे आकडा चढला. मी आतच होते. आत्याने हनुवटी उचलेपर्यंतच पाहिलं आणि सायकलवर टांग मारली.

बाईंनी वाहता व्रण आतल्या आत बंद केला आणि बाबांना रात्रभर ठेवून घेतलं. तेवढ्यात आत्याने बाबा गेले म्हणून तुला फोन केला, मयताचे सनईवाले ठरवले, कपाळाला बांधायच्या सुतकाच्या पांढऱ्या पट्ट्या फाडल्या. सकाळी आम्ही सिक्लो रिक्षातून उतरलो तर दारात सनई चालू आणि शेजारी पंगतीला बसलेले. बाबांनी आधी कोण आलं नाही ते बघून घेतलं.

राग गेला की दोन ओळी लिही, मी वाट पाहते.
न्हान


ह्वे, ३० नोव्हेंबर

चि. खोआ यास अ. आ.

मी पेजेवर आहे. साम रुसली आहे. तिच्या मते मी तिला गल्लीत तोंडघशी पाडलं.

तू पट्टी बांधून आलास, डोळे सुजलेले. मला पायरीवर बसलेला बघून ओरडलास की तुझी शेवंती वाया गेली. मला राग नाही आला. इतका रडलेला तू मला लहानपणानंतर दिसला नव्हतास. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या नळीनेच तारलं म्हणतात. ती नसती तर सामचं सगळं कामी आलं असतं. व्रण भरला का ते बघायला जानेवारीत पुन्हा दुर्बीण आहे. नळी लावतील, मी हूं की चूं करणार नाही. सामला इस्पितळात पाऊल टाकू देणार नाही, म्हणजे तुला कुणाचा फोन येणार नाही.

तरी ये.

बाबा