सत्यशीलेचं कलम

जालन्याच्या कॉलेजात रक्तदान शिबिर झालं आणि त्यानंतर माझ्या नावानं एक चिठ्ठी आली, तिथून माझं सगळं फिरलं. चिठ्ठीत लिहिलं होतं की तुमच्या रक्तात गुप्तरोगाची चाचणी पॉझिटिव्ह निघाली आहे, दवाखान्यात भेटा. म्हणून हे मृत्युपत्र मी त्या चिठ्ठीपासून सुरू करतो.

मी, बद्रीनाथ साहेबराव फदाट, वय चोवीस, शिक्षण बी.एस्सी. दुसरं वर्ष अर्धवट, धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणे, राहणार जाफराबाद, जिल्हा जालना, असं लिहून ठेवतो की माझं शरीर आजारी आहे पण डोकं शाबूत आहे. ते तापट आहे हे तालुक्याला ठाऊक आहे; तापट डोकं कायद्यात शाबूतच धरतात, असं स्टँपवाल्यानं सांगितलं. मला कोणी दारू पाजलेली नाही, दमही दिलेला नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवली तर माझं रक्त थांबत नाही, बंद केली तर नको तिथं गोठतं. अशा माणसाला चिरायचं म्हणजे जोखीम. म्हणून ही लिहालिही.

कलम एक. माझ्या वाट्याचं शेत आणि राहतं घर आई गोजरबाई हिला. मुंबईच्या डॉक्टरांनी या गोळीपायी मला पालेभाजी जपून खायला सांगितली, तेव्हापासून आईनं स्वतः मेथी सोडली. "तुला चालत न्हाई तर माझ्या घशाखाली उतरत न्हाई," म्हणते. माझ्यामागं तिनं पोटभर मेथी खावी. हे कलम बंधनकारक समजावं.

कलम दोन. दुकानातलं वाइंडिंगचं मशीन, तांब्याची तार, पाने आणि वार्निशचे डबे माझा कारागीर अप्पाराव याला. गोळी सुरू झाल्यापासून तार बोटाला लागली की माझं रक्त थांबत नव्हतं. अप्पाराव म्हणाला, "मालक, तुम्ही नुसतं बोट दाखवा, कापायचं मी पाहतो." गिऱ्हाईक नसताना तो मला मालक म्हणत नाही, तरीही द्यावं.

कलम तीन. मी गेल्यावर न्हाव्याला बोलावून दाढी नीट करून घ्यावी. लोक म्हणतात बद्रीनं एका पोरीपायी दाढी वाढवली. खरं म्हणजे डॉक्टरांनी वस्तरा बंद केला. लोकांचंही बिलकुल खोटं आहे असं मी म्हणत नाही.

कलम चार. रामराव, माझा वर्गमित्र, यानं ती चिठ्ठी कँटीनमध्ये मोठ्यानं वाचली. मी त्याच्या पाठीत खुर्ची घातली आणि त्याच दिवशी कॉलेज सोडलं. हाच रामराव आता तहसीलसमोर स्टँप विकतो. वर ज्याचा उल्लेख आला तो हाच. त्याला मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार बरा, असं तोच म्हणाला, म्हणून साक्षीला त्यालाच घेतलं आहे.

कलम पाच. कारभारी मामा, म्हणजे आईचा सख्खा भाऊ. मामाची पोरगी सत्यशीला मला द्यायची ठरली होती, सुपारी फुटली होती. चिठ्ठीची बातमी त्यांच्या कानावर गेली तसे ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. "बद्री, असल्या रक्ताच्या घरात मी माझी पोरगी ढकलणार न्हाई." मी त्यांच्या डोक्यावरचा पटका ओढून भिरकावला. त्या दिवसापासून आई माहेरी गेली नाही. मामाला माझ्या पैशातून नवा पटका घेऊन द्यावा. जुन्यापेक्षा भारी नको.

कलम सहा. मुंबईच्या ज्या डॉक्टर मॅडम माझ्या आजारावर संशोधन करतात, त्यांच्याकडं माझं रक्त साठवलेलं आहे. ते पुढच्या अभ्यासाला वापरावं, या आजारानं खराब झालेली झडपही ठेवून घ्यावी. माझा पाय सुजला, मग रक्ताची गाठ छातीत गेली, तेव्हा मला तिकडं पाठवलं होतं. आजाराचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. मॅडमनी चिठ्ठीची गोष्ट ऐकली आणि दुसरी, पक्की चाचणी केली. मला गुप्तरोग कधी नव्हताच. हे असलं रक्त त्या साध्या चाचणीला फसवतं आणि हेच रक्त शिरांत गोठतं. मी त्यांच्यासमोर हसलो आणि बाहेर येऊन जिन्यात रडलो.

त्यांच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर मी एकटाच बाप्या असायचो, बाकी सगळ्या बाया. त्यांची लेकरं पोटातच गेलेली. गर्भाच्या वारेत रक्त गोठतं आणि लेकराला काही पोचत नाही. पण ज्यांचं वेळेत कळलं, पोटावर इंजेक्शनं आणि माझ्यापेक्षा वेगळी एक लहान गोळी सुरू झाली, त्यांतल्या कितीतरी जणींच्या कडेवर लेकरं होती. मॅडमनी विचारलं होतं, घराण्यात कोणा बाईला असं झालंय का? क्वचित ते घराण्यातही असतं. मी न्हाई म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं.

कलम सात. सत्यशीलेला मंठ्याला दिलं. अप्पारावाची बहीण तिच्या शेजारी राहते, तिच्याकडून आता कळलं की तीनदा दिवस राहिले आणि तीनदा लेकरू गेलं. आता चौथा महिना आहे. सासू द्वारकाबाई म्हणते, यावेळेस न्हाई तर दुसरी आणू. मामानं पोरीला माझ्या रक्तापासून वाचवलं. पण आई आणि मामा एकाच पोटचे. ते रक्त तिच्यात आधीच असलं तर? माझ्या मृत्यूनंतर आईनं मंठ्याला जावं, सत्यशीलेला मॅडमकडं नेऊन रक्त तपासावं. माझी बचत या खर्चाला. माझ्या उरलेल्या गोळ्या मात्र तिला देऊ नयेत, पोटातल्या लेकराला त्या बाधतात.

सात कलमं संपली. रामराव आणि शेजारच्या चहावाल्या गिरिजाबाई दुकानात सहीला आले. पुढचं झालं तसं लिहितो. रामराव वाचत बसला.

मी म्हणालो, "साक्षीदारानं सही करायची. आतलं वाचायचं न्हाई. तुझी वाचायची खोड गेली न्हाई का अजून?"

"खुर्ची हाणायची तर हाण," रामराव म्हणाला, "पण हे सातवं तू मेल्यावर वाचणार ना?"

"मंग?"

"आणि न्हाई मेलास तर?"

मी पेनाचं टोपण लावत बसलो. गिरिजाबाई म्हणाल्या, "तो कशाला बोलंल बापू! बारशाच्या घुगऱ्या तेराव्याला वाटायला निघालाय."

मंठ्याच्या वेशीत पाय ठेवणार नाही अशी मी शपथ घेतली होती. ती शपथ मी कोणालाच देत नाही, इथंच सोडतो. कलम सात मी स्वतःच्या हातानं खोडलं आहे. खाडाखोडीवर सही आहे. सत्यशीलेला मॅडमकडं नेणं हे जित्या माणसाचं काम आहे. आजच मंठ्याला निघायचं, असा आईला अप्पारावानं निरोप दिला. ती सत्यशीलेची आत्या आहे, दारात तीच पुढं राहील. मी मागं उभा राहीन आणि कोणी काही बोललं तरी बोलणार नाही. वाटेत मामाचं गाव लागतं, तिथं पटका आजच द्यावा लागेल. बाजारात जो भारी मिळेल तो.

लिहून देणार: बद्रीनाथ साहेबराव फदाट
साक्षीदार: रामराव (सही), गिरिजाबाई (अंगठा)
ठिकाण जाफराबाद, दिनांक ११ जानेवारी १९९९

ता. क. आई एस.टी. स्टँडवर जाऊन बसली आहे. कागद रामरावाच्या हाती देतो, तपासायला लावलेल्या मोटारीचं बटण बंद करतो आणि दुकानाचं दार ओढून घेतो.