दोघी जावा गोव्याला

१७ जानेवारी

संक्रांत झाली आणि फुलांचा भाव उतरला. शेवंती आज अर्धीच तोडली. संध्याकाळी पल्लवी आली इंदिरानगरहून. हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात. "काकू, आई आणि तू, माझ्याबरोबर गोवा. तिकिटं काढलीत. नाही म्हणायचं नाही." ताईंची, माझ्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी, पण माझ्या कडेवर वाढलेली. तिला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

हे जेवत होते. ताटातून मान वर न करता म्हणाले, "गोव्याला बायकांचं काय काम?" भाऊजी, ताईंचे यजमान, बाहेर ओट्यावर बसले होते. दोघे भाऊ दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. जेवायला पण वेगवेगळ्या वेळी बसतात. भाऊजींनी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, की गुढीपाडव्यापासून स्वयंपाक वेगळा करायचा. ह्यांच्या ते जिव्हारी लागलं. माझ्याही. तीस वर्षं आम्ही दोघी जावा एका ओट्याशी उभ्या राहिलो, आम्हाला विचारलं कोणी?

मी काही बोलणार तेवढ्यात ताई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी येते." बस्स. नवऱ्याला विचारलं नाही, कोणाकडे बघितलं नाही. मग मी कशी मागे राहणार.

२३ जाने.

उद्या निघायचं. दिवसभर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. पिशवी गच्च भरली. ताई खाटेवर बसून बघत होत्या. "अगं उषा, गोव्याची माणसं जेवत नाय का?" एरवी त्र्यंबकला जायचं तरी अंधारात उठून पुऱ्या तळणारी बाई. आज एक पातेलं हलवलं नाही. ताप आहे की काय म्हणून कपाळाला हात लावला. गार होतं.

बाबांनी दोघींना बोलावून सांगितलं, "समुद्रात फार आत जाऊ नका." सासरे म्हणून नाही, बापासारखं. बरं वाटलं.

२४ जाने.

नाशिकरोडला भाऊजींनी पिकअपमधून सोडलं. मी त्यांच्याशी मोजकंच बोलले. रागच येतो, काय करू. त्यांनी ताईंच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे होते.

पनवेलच्या पुढं सगळं हिरवं. मग बोगदे. बोगदा आला की ताई माझा हात धरायच्या, उजेड आला की सोडायच्या. पल्लवी हसून बेजार. दशम्या समोरच्या कुटुंबाला पण पुरल्या. ते केरळला चालले होते. भाषा कळेना, पण त्या बाईने ठेचा दोनदा मागून घेतला.

मडगावला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. हवा ओलसर, अंगाला चिकटणारी. हॉटेलात खोली एवढी स्वच्छ की चपला बाहेर काढल्या. पल्लवी म्हणाली, "काकू, आत घे, चोरीला जातील."

२५ जाने.

आज समुद्र बघितला.

काय लिहू. फोटोत, टीव्हीवर पाहिलेला, पण त्याचा आवाज ठाऊक नव्हता. नारळाच्या झाडांमधून पायवाट, आणि ती संपली की एकदम तेवढं सगळं पाणी. मी जागच्या जागी उभी राहिले. हात आपोआप जोडले गेले.

ताई थांबल्याच नाहीत. पदर खोचला आणि सरळ चालत गेल्या. गुडघ्यापर्यंत. लाट आली तशी ओरडल्या, "आगं आई आई आई!" आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की दोन-चार माणसं वळून बघायला लागली. एक चप्पल लाटेनं नेली. तिच्यामागं पळाल्या नाहीत. दुसरी पण काढून टाकली पाण्यात. "एक घेऊन काय करू?" म्हणे. पल्लवीनं कपाळावर हात मारला. आई कचरा करते म्हणून स्वतः आत जाऊन ती शोधून आणली.

मी दूरच बसले वाळूत. भिजायला लाज वाटली. पण मन भरून आलं. पल्लवीचं देव भलं करो.

२६ जाने.

स. हॉटेलच्या आवारात झेंडावंदन. वेटर, माळी, स्वैपाकी, पाहुणे, सगळे एका रांगेत. आम्हाला पुढं बोलावलं. बुंदीचा लाडू मिळाला. ताईंनी तिथल्या तिथं खाल्ला, मी बाबांसाठी रुमालात बांधून ठेवला.

नाश्त्याला टेबलभर पदार्थ. खाऊन झाल्यावर मी ताटल्या एकात एक घालून उचलायला लागले तर तिथली पोरगी धावत आली, "मॅडम, राहू द्या." खोलीत येऊन चादरी झटकल्या, घड्या घातल्या, न्हाणीघर पण पुसून काढलं. ताई पलंगावर आडव्या. म्हणाल्या, "ठेव ना तशीच. ते लोक येत्यात करायला." मी म्हटलं, आपली सवय. त्या छताकडं बघत राहिल्या.

दु. पोहायच्या टाकीपाशी गेलो. साडी नेसून आत उतरता येत नाही म्हणे. मग दोघी काठावर पाय सोडून बसलो. पाणी निळंशार, गार. पल्लवी आत. तिला पोहता येतं हे मला माहीतच नव्हतं. ताई हळूच म्हणाल्या, "आपण किती दमलोय गं, कळतच नव्हतं घरी." मी म्हटलं, प्रवासाचा शीण. त्या म्हणाल्या, "प्रवासाचा नाय."

२७ जाने.

आज जुनं गोवं आणि पणजी. चर्चेस डोळ्यात मावत नाहीत एवढी. आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो, काळारामाच्या सभामंडपात येतो तसा. सगळीकडं सोन्याचं नक्षीकाम. ताई मान वर करून फिरून फिरून बघत होत्या. मग कानात विचारलं, "एवढं मोठं झाडतं कोण?"

झाडणारी तिथंच होती, खांबामागं. आमच्याकडं बघून म्हणाली, "खंयच्यो गो तुमी?" नाशिक म्हटलं तर द्राक्षं म्हणाली. आम्ही म्हटलं, नाही, फुलं. मग तिनं वेदीजवळच्या फुलदाण्या दाखवल्या. पांढरी शेवंती, गुलछडी. जरा शिळी होती, पाणी बदलायला हवं होतं. ताईंनी हात लावायच्या आधी बाईला नजरेनंच विचारलं. तिनं मान हलवली. वाळलेल्या पाकळ्या काढून ओंजळीत घेतल्या. दुसऱ्याच्या देवळात असं हातानं काही करायला मिळालं, फार बरं वाटलं.

पणजीच्या बाजारात अबोलीचे गजरे. सुईदोरा नाही, केळीच्या धाग्यात वळलेले. आम्ही दोघी टोपलीपुढं बसूनच घेतलं, त्या बाईची बोटं बघत. एक गजरा ताईंनी माझ्या केसांत माळला.

नदीकाठी बाकावर बसलो. पल्लवी फोनवर बोलत लांब गेली होती. एवढं सगळं चांगलं चाललं होतं म्हणूनच की काय, माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, ताई, हे सगळं पाडव्याला मोडणार. भाऊजींनी असं करायला नको होतं.

ताई नदीकडं बघत म्हणाल्या, "त्यांनी नाय केलं. मी सांगितलं त्यांना."

मला आधी कळलंच नाही.

"मीच म्हटले, मला वेगळं करून द्या. ते नको म्हणत होते. मग म्हणाले, उषाला तुझं नाव कळलं तर तिला लागंल, मी माझ्यावर घेतो."

माझं काय चुकलं, विचारलं. आवाज चढला माझा. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली.

"तुझं काय चुकायचं? तू तर पळत ऱ्हातीस दिवसभर. तू पळतीस म्हणून मला बी पळावं लागतं. तू उभी असताना मी बसू कशी? मोठी ना मी." मग म्हणाल्या, "धा माणसांच्या भाकरी. माझे खांदे नाय ऱ्हायले गं आता. मला दोघांपुरतं करायचंय. नाय केलं एखाद दिवशी, तर नाय."

पल्लवी आली. आम्ही उठलो. परत येताना मी गजरा काढून पर्समध्ये ठेवला.

२८ जाने.

स. एकटीच समुद्रावर गेले. राग होता. तीन महिने मी भाऊजींना मनात काय काय बोलले, ह्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, आणि ही बाई माझ्या शेजारी उभी राहून कांदा चिरत होती. एक शब्द नाही.

वाळूत बसले. मच्छिमार जाळं ओढत होते. बायका टोपल्या घेऊन थांबलेल्या. कोणाला माझ्याकडं बघायला वेळ नव्हता. रडून घेतलं.

मग आठवत गेलं. लग्न होऊन आले तेव्हा भाकरी येत नव्हती मला. करपलेल्या भाकरी ताई स्वतःच्या ताटात लपवायच्या, सासूबाईंना दिसू नयेत म्हणून. पहिलं बाळ गेलं तेव्हा दवाखान्यात माझ्या पायाशी बसून होत्या, घरी दूधपितं पोर टाकून. ते पोर म्हणजे पल्लवी. महिनाभरात तिला माझ्या मांडीवर दिली. म्हणाल्या, "हिला तू सांभाळ, मला कामं हायेत." कामं कुठली, मला कळत होतं तेव्हा पण.

ह्या बाईनं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. एकदा मागितलं, ते पण नवऱ्याच्या तोंडून.

खोलीत आले. ताई झोपल्या होत्या. ऊन वर आलेलं, आणि ताई झोपलेल्या, तोंड उघडं, एक हात पलंगाबाहेर. आजारपण सोडलं तर मी त्यांना दिवसा झोपलेलं कधी बघितलं नाही. पल्लवी म्हणाली, "काकू, उठवू नको हं." मी खुर्चीत बसले. चादरीला हात लावला नाही. बसवत नव्हतं, पण बसले.

उठल्या तेव्हा फोन करून चहा मागवला. कप त्यांच्या हातात दिला. "कोणी केला?" म्हणाल्या. म्हटलं, कोणास ठाऊक. आपण नाही केला. दोघींना हसू आलं, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी. माझ्याही. पल्लवी बाथरूममधून ओरडली, "झालं का दोघींचं?" म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

२९ जाने.

किल्ल्यावर गेलो. भिंती एवढ्या रुंद की वरून बैल जाईल. उन्हानं दगड तापलेले, खाली तिन्हीकडं समुद्र. ताई सावली बघून बसायच्या, मी पुढं जाऊन बघून यायची आणि त्यांना सांगायची. असंच छान जमलं. त्यांना सगळं बघायचं नव्हतंच.

सं. मी पण पाण्यात गेले. पल्लवीचा ड्रेस घालून. आयुष्यात पहिल्यांदा. ह्यांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते! लाट छातीवर आली आणि श्वासच गेला. पुन्हा गेले. पुन्हा. ताई काठावरून ओरडत होत्या, "उषे, बास! बाबांनी काय सांगितलंय?"

नंतर वाळूत बसून ठरवायला लागलो. सणाला एकत्र. लोणची, पापड एकत्र. ताई म्हणाल्या, "आणि भाजी वाटीभर पाठवत जाईन." मी म्हटलं, नको, पाठवायची म्हणून जास्तीची कराल. त्या विचारात पडल्या. "मंग तू येऊन खात जा."

एवढं सुख. कोणाचे आभार मानू, कळत नाही. आज सगळ्यांचेच.

३१ जाने.

घरी. भाऊजी आले होते न्यायला. मी नीट बघितलं त्यांच्याकडं. वाळलेत. बॅग घेताना म्हणाले, "झाली का मजा?" मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही पण जाऊन या एकदा ताईंना घेऊन. ते ताईंकडं बघायला लागले. ताई म्हणाल्या, "सांगितलंय मी तिला." भाऊजींनी गाडी सुरू केली. पंचवटी ओलांडली. मग म्हणाले, "बरं केलं."

बाबांना लाडू दिला. चुरा झाला होता. चमच्यानं खाल्ला.

२ फेब्रु.

ह्यांना सांगितलं. गुलाब बांधता बांधता. ताईंना विचारूनच सांगितलं. हात थांबले त्यांचे. "वहिनी म्हणाल्या असं?" हो म्हटलं. "मग दादा मला बोलला का नाही?" म्हटलं, तुम्ही ऐकून घेतलं असतं का?

जुड्या तशाच टाकून मळ्यात गेले. जेवायला उशिरा आले. जेवताना म्हणाले, "वहिनींचे खांदे दुखतात, तर डॉक्टरला दाखवलं का?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा. विचारलं नाही अजून.

मी पण मनाशी घोकतेय, ताई बसल्या तर बसू द्यायचं. आज भांड्यांचा ढीग बघून दोनदा उठले. तिसऱ्यांदा नाही उठले.

७ फेब्रु.

गवंडी आला ताईंच्या ओट्याचं माप घ्यायला. मागची पडवी बंद करून स्वयंपाकघर करायचं. ताई, मी, भाऊजी उभे. हे गोठ्यापाशी, आमच्याकडं पाठ करून.

गवंड्यानं विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला? भाऊजी म्हणाले, रस्त्याकडं ठेव. तर मागून ह्यांचा आवाज, "तिकडून सगळी धूळ आत येईल." गवंड्याला म्हणाले की भावाला, कळलं नाही. भाऊजींनी मान वळवली. म्हणाले, "मग कुठं ठेवू?"

ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. हे दोन पावलं पुढं आले, पडवीकडं बघितलं. तेवढ्यात लाइट आली. पाण्याची पाळी आमची होती, हे मोटर चालू करायला गेले.

भाऊजींनी गवंड्याला उद्या यायला सांगितलं. "खिडकीचं हा असताना ठरवू," म्हणाले.