चुकांचा कोरा कागद

४ नोव्हेंबर, मंगळवार

म्हणे चिप चुकते! माझी चिप!

खालच्या मजल्यावरून ती ड्रायव्हर लिहिणारी पोरगी आली होती – टिटवी. (नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. बोलायला लागली की सगळ्या मजल्याला ऐकू जातं.) पेशंटला थेंबाथेंबाने औषध देणारा आमचा नवा पंप. आतली चिप मी आखलेली, आणि त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिचा. तर पंप दोन-अडीच दिवसांतून एकदा गप्प बसतो. अलार्म नाही, काही नाही. मोटर बंद आणि पडद्यावर मात्र ‘चालू’!

“सर, मला वाटतं चिपमध्येच काहीतरी आहे.”

“आधी स्वतःचा कोड बघ,” म्हटलं. “हो सर” म्हणाली आणि गेली. रागावली नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

सव्वीस वर्षं झाली. याआधीच्या नऊ चिपा. प्रत्येक चिपबरोबर तिच्यातल्या चुकांची यादी द्यावी लागते, एराटा म्हणतात तिला. जगात सगळ्यांच्या याद्या पानंच्या पानं असतात. माझ्या नऊही कोऱ्या. उगाच नाही लोक मान देत.

५ नोव्हेंबर, बुधवार

घरी हिला सांगितलं. ही म्हणे, “तिचं ऐकून तरी घे की.” ही स्वतः बावीस वर्षं त्याच खालच्या खोलीत ड्रायव्हर लिहायची, चार वर्षांपूर्वी नोकरी सोडली. म्हटलं, तू तिच्याच बाजूची असणार! “मी कुणाच्याच बाजूची नाही, मी भाजी निवडतेय.”

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टिटवीची चूक पकडायला खाली गेलो आणि तासभर तिथेच उभा राहिलो.

टेबलावर सहा पंप, समोर सहा बरण्या, टप टप पाणी. प्रत्येक पंपाची वेगळी वही. एका वेळी एकच गोष्ट बदलते, लिहिते, मग दुसरी. मी या वयात इतकी शिस्त पाळत नाही, तिच्या वयात तर नावच नको. तिचा संशय असा – चिप दोन निरोप देते, थेंब पडल्याचा आणि मोटरची फेरी पुरी झाल्याचा. दोन्ही अगदी एका क्षणी आले तर एक हरवतो. योगायोगाने तसं व्हायला अडीच दिवस लागतात. “मग वाट कशाला बघायची सर? मीच त्यांना जवळ आणते.” आणि एक निरोप केसाकेसाने उशिरा सोडत, दुसऱ्याजवळ सरकवत बसलीय!

 चहासुद्धा न घेता वर आलो.

१० नोव्हेंबर, सोमवार

आणला तिने. अडीच दिवसांनी येणारा दोष मिनिटाला आणून दाखवला! मी म्हटलं, वायर सैल असेल. वायर बदलली. तरी पंप थांबला. म्हटलं, बोर्ड खराब असेल. बोर्ड बदलला. थांबला. शेवटी वर जाऊन माझ्या कपाटातली कोरी करकरीत चिप आणली, स्वतःच्या हाताने बसवली.

बावन्न सेकंदांत थांबला.

“सर, पाणी देऊ का?” तोंड उतरलं असणार माझं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दार लावून घेतलं आणि स्वतःचं डिझाइन उघडलं. सापडलं. ड्रायव्हरने निरोप वाचला की चिप तो पुसून टाकते, पुढच्यासाठी जागा करायला. पण नेमका पुसत असतानाच दुसरा आला, तर तोही त्याच हाताने पुसला जातो. त्याला थोपवून धरणारं एक गेट, म्हणजे सर्किटचा कणभर तुकडा, कमी आहे. एकच! आखताना मीच म्हणालो होतो, इतकं कुठे जुळून यायला बसलंय. आलं ना जुळून! पेशंटच्या उशाशी आलं असतं तर?

अठरा हजार चिपा तयार होऊन पडल्यात. त्यात आता गेट घालता येत नाही. पंप चोवीस तारखेला हॉस्पिटलांत जायचेत. साहेब नुसते डोकं धरून बसले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काय डोकं आहे या पोरीचं! अकरा ओळी. फक्त अकरा!

“सर, तुमचा निरोप्या विसरभोळा आहे. मग त्याच्यावर विसंबायचंच कशाला? तो आला की उठायचं आणि थेट थेंबांची आणि फेऱ्यांची मोजणीच बघून यायची. दोनदा बघायची. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे.” कालपासून निरोपांची नव्वद हजार वेळा टक्कर घडवून आणली. सहाही पंप ढिम्म हलले नाहीत – म्हणजे चालतच राहिले! मी चक्क टाळ्या वाजवल्या. ती लाजली.

पण असा उपाय हॉस्पिटलात जायचा तर मूळ चूक कुणाची, ते लिहून त्याने सही करायची असते. साहेबांनी बाजूला घेतलं. “ड्रायव्हरची चूक म्हणून लिहू या. दुरुस्ती नाहीतरी तिकडेच झालीय. तुमचा कागद कोरा तो कोराच राहील.”

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. अगदी हायसं वाटलं. टिटवीला कळलंय. “तुम्ही ठरवा सर,” इतकंच म्हणाली. तिची नोकरी अजून कायम व्हायचीय, आणि ‘चूक कुणाची’ या रकान्यात तिचं नाव जाणार. शिवाय उद्या कुणीतरी त्या अकरा ओळी बघेल, म्हणेल ड्रायव्हर सुधारला, आता कशाला हव्यात, आणि काढून टाकेल. पंप पुन्हा गप्प. सगळं कळतंय. तरी सही न करताच घरी आलो. शरम वाटते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

केली सही. ‘चूक क्रमांक एक. चिपची.’ उपाय कुणाचा, तिथे तिचं पूर्ण नाव, ठळक. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जेवण मात्र छान गेलं!

टिटवी वर आली. दारातच घुटमळली. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली – “सर, मग आता जुन्या चिपांच्याही लिहून टाकायच्या का?”

“कसल्या जुन्या?”

ती म्हणाली, उद्या दाखवते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जुन्या नऊ चिपांच्या ड्रायव्हरांत मिळून सतरा जागा. प्रत्येक ठिकाणी एकच टीप – ‘चिप इथे चुकते, म्हणून असं.’ प्रत्येकीखाली नावाची तीच दोन आद्याक्षरं. हिची.

घरी येऊन विचारलं, का नाही सांगितलंस कधी?

“सांगितलं होतं की. पहिल्या चिपच्या वेळी. तू चार दिवस जेवला नाहीस. मग म्हटलं, आपणच करून टाकावं.”