पूजेतला पाना

रत्नागिरी, दसरा, शके १८५६. दिवेलागण.

ड्रायव्हर सखारामाचा उजवा हात उद्या कापून काढणार, डॉक्टर म्हणाले. इस्पितळातून आत्ताच आलो. पाना अजून पाटावरच आहे, वर झेंडूचं फूल.

परवा साहेबाचे दौऱ्याचे तंबू वाहणाऱ्या ट्रेलरच्या चाकांना मीच नवे नट बसवले. नवे नट दहा मैल चालले की ढिले होतात, पुन्हा आवळावे लागतात. हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? काल सखाराम ट्रेलर फिरवून आला नि म्हणाला, "मिस्त्री, नट येकदा आवळ रे." मी म्हणालो, "आज खंडेनवमी. हत्यारं पूजेला लावलीत. उद्या पूजा उतरली की आवळतो." त्या मापाचा पाना एकच. उचलला असता तर एक फूल खाली पडलं असतं, एवढंच. पण त्यानंही मोटारीला हार घातलेला. "बरां," म्हणाला.

आज पहाटेच साहेबाचं बोलावणं आलं, मुक्काम देवरूखला. मी उठायच्या आत सखाराम निघाला. चढावर चाक खडखडलं म्हणून थांबला. पाना जवळ नाही, म्हणून बोटांनीच नट फिरवू लागला. चाक निखळलं नि ट्रेलर हातावर बसला.

संध्याकाळी त्याच्या खाटेपाशी नुसता उभा राहिलो. उशाशी कोणीतरी आपट्याची पानं ठेवली होती. त्यातलं एक त्यानं उचललं.

"सोनं घे, मिस्त्री. डाव्या हातानं देतोय, राग मानू नको."