तिच्या डब्यातला पहिला घास

अहो सरकारी वकील,

त्या साक्षीदार बाईला धाडलेला माझ्या हातचा डबा तिच्यासमोर आधी तुम्ही चाखता म्हणे! हवालदार हसत सांगत होता, "वहिनी, साहेबांनी पहिला घास खाल्ल्याशिवाय ती जेवतच नाही." टोळीवाल्याची बायको, नवऱ्याविरुद्ध बोलणार, विषाला घाबरते, कळतं मला. पण लग्नापासून माझ्या ताटात कधी डोकावलात? अख्खी टोळी कोर्टात खेचलीत, घरी जेवायला मात्र सवड नाही. काल मुद्दाम मीठ घातलं नाही. तुम्हाला पत्ताच नाही, आणि तिनं निरोप धाडला, "वहिनींना बरं नाही का?" अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चिठ्ठी डब्यात ठेवली तर आधी तीच वाचेल, म्हणून पाठवत नाही. तरी रविवारपर्यंत उत्तर हवं. माझ्यासोबत जेवायला कधी येताय?

तुमची घरातली बाई