पास्कोलने घडवलेला गोलकीपर

रविवार, १२ जानेवारी १९९७, वसई

फुटबॉलची फायनल जिंकलो. पण डोक्यात घोळतोय तो पास्कोल.

जूनमध्ये कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून लागलो तेव्हापासून एकच कोडं. कोच बदलतात, मुलं तीन वर्षांत पास होऊन जातात, तरी आमची टीम दरवर्षी फायनलला कशी? आधीच्या सरांच्या वह्यासुद्धा चाळल्या. काही नाही.

गुरुवारी गोलकीपरचा खांदा निखळला. राखीव मिलिंद एकही मॅच खेळलेला नव्हता. त्याला तर मी दिवाळीतच काढणार होतो! आणि आज त्याने पेनल्टी अडवली.

"कुठे शिकलास रे?"

त्याने कुंपणापाशी उभ्या माणसाकडे बोट दाखवलं. पास्कोल. पाचूबंदरला मासेमारी करतो, पूर्वी आमचाच गोलकीपर. बोट किनाऱ्याला असेल त्या प्रत्येक सकाळी मिलिंदला वाळूत उड्या मारायला लावायचा. वर्षभर. आणि मला पत्ताच नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"कोनी कशाला सांगायला पायजे, सर? मी राखीव होतो तवा माझ्या आधीच्या गोलकीपरने, जोसेफने शिकवलं. तो आता वालीवला कारखान्यात हाय. त्याला त्याच्या आधीच्याने."

वर्षभर, वाळूत! आणि मी वह्या चाळत बसलो होतो. फोटोला थांब म्हटलं, तर जाळी विणायचीत म्हणून निघून गेला.

मग मिलिंद हळूच म्हणाला, "सर, मी मार्चमध्ये शेवटची परीक्षा देऊन कॉलेज सोडणार. एफवायचा एकजण हेरून ठेवलाय. उद्यापासून त्याला नेऊ किनाऱ्यावर?"

मी कोण परवानगी देणारा? मीही येतो म्हटलं, बघायला.